माझा कणा ताठ झाला त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. घानातल्या कुमासी शहरात, सुआमे मॅगझिन नावाच्या कारागिरांच्या वस्तीत, आफ्रियेच्या वर्कशॉपमागे मी उभी आहे. मला आता इंजिन नाही आणि चाकेही नाहीत. विटांच्या चार थप्प्यांवर माझे शरीर टेकवलेले आहे. येणारे-जाणारे माझा उडालेला निळा रंग बघतात आणि चुकचुकतात. पण गाडीचा रंग म्हणजे तिचा सदरा असतो. खरी गाडी आत असते, पत्र्याखाली, जिथे कुणी वाकून बघत नाही. मला जे सांगायचे आहे ते त्या आतल्या हाडांविषयी आहे.

माझा जन्म इथला नाही. एका थंड देशातल्या मोठ्या कारखान्यात मी तयार झाले. मला खिडक्या नव्हत्या. पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे एक बंद पेटी, एवढेच माझे रूप. नऊ वर्षे मी एका लाँड्रीचे धुतलेले कपडे दवाखान्यांत पोचवले. तेव्हा माझे अंग फार घट्ट होते. खड्डा आला तर चाके हलत, मी हलत नसे. बंद पेटीला पिळता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. निरोगी माणसाला तरी आपल्या पाठीची आठवण कुठे होते?

मग मी म्हातारी ठरले. जहाजातून तेमा बंदरात उतरले आणि तिथून कुमासीला आले. इथे मला पुन्हा तरुण व्हायचे होते. पण आता कपडे नव्हे, माणसे न्यायची होती, आणि माणसांना खिडक्या लागतात. एका वर्कशॉपात दोघांनी माझ्या अंगावर खडूने रेघा मारल्या आणि ग्राइंडरने सहा चौकोन कापून काढले. आत चार बाके ठोकली. वारा पहिल्यांदाच माझ्या आरपार गेला. मला हलके वाटले, आणि मूर्खासारखा मला त्याचा आनंद झाला.

मला विकत घेतले बाफूरने. अकरा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवल्यावर मी त्याची पहिली स्वतःची गाडी होते. त्याने मला निळा रंग दिला, मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत ‘बोलू द्या त्यांना’ असे लिहून घेतले, आणि पहिल्या दिवशी मला इतके धुतले की शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, “मास्टर, गाडी आहे ती! लग्नाला उभी केलीय का?”

आमचा रस्ता कुमासी ते एजुरा. मध्ये मांपोंगचा घाट. एजुराचा बाजार सुरणासारख्या मोठाल्या कंदांचा, यामचा. त्या बाजाराची जुनी व्यापारीण म्हणजे कोनादू. सगळे तिला एनो, म्हणजे आई म्हणत. ड्रायव्हरच्या मागची जागा तिची होती. तिथे दुसरे कुणी बसले तर ती काही बोलत नसे, नुसती त्याच्यासमोर उभी राही. तो आपोआप उठे.

पहिले काही महिने सुखाचे गेले. मग मला काहीतरी होऊ लागले.

आधी माझ्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून केसासारख्या बारीक चिरा निघाल्या. मग सरकता दरवाजा कधी अडू लागला, तर कधी धक्क्याने स्वतःच उघडू लागला. पुढची काच एका रविवारी उभ्या-उभ्या तडकली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, वळणावर मी उशिरा वळू लागले. बाफूरने स्टिअरिंग फिरवले की माझा पुढचा भाग लगेच ऐके. मागचा भाग मात्र जणू थोडा विचार करून मागून येई. मग तो येताना जास्तच येई, आणि बाफूरला पुन्हा उलटे फिरवावे लागे.

“अरे बाबा, गाडी चालवतोस की हिला नाचवतोस?” एनो ओरडे.

“रस्ता खराब आहे, एनो.”

“रस्ता मी तुझ्या जन्माआधीपासून बघतेय. तो होता तस्साच आहे.”

बाफूरला वाटले, दोष स्प्रिंगच्या पाट्यांचा असावा. त्याने मागे जाड पाटे टाकून घेतले. मित्रांनो, त्याने मनापासून केले, पण माझे हाल वाढले. पूर्वी खड्ड्याचा थोडा मार पाटे खात. आता ते ताठ झाले आणि सगळा मार माझ्या पिळणाऱ्या शरीरावर येऊ लागला. चिरा बोटभर लांब झाल्या. बाफूरने त्यांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरून निळा रंग मारला. मी पुन्हा छान दिसू लागले.

एका सोमवारी बाजार करून आम्ही परत येत होतो. टपावर आणि मागच्या दरवाजापाशी याम होते, आत चौदा माणसे. घाटातल्या दुसऱ्या वळणावर माझा मागचा भाग नेहमीसारखा उशिरा आला, पण ओझ्यामुळे या वेळी तो थांबलाच नाही. मी आडवी होत रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. समोरून मोठी बस येत होती. तिच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. माझा मागचा दरवाजा उघडला होता आणि याम घरंगळत घाटातून खाली चालले होते.

 मग एनो शांतपणे खाली उतरली. तिने आपले गाठोडे घेतले आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसली.

“एनो, या ना आत. आता हळू नेतो.”

“नाही.”

“इथं दुसरी गाडी कधी मिळणार तुम्हाला?”

“मिळेल तेव्हा मिळेल,” ती म्हणाली. “बाफूर, तू वाईट ड्रायव्हर नाहीस. म्हणून तर मला भीती वाटली. चांगला माणूस चालवत असून गाडी ऐकत नाही, मग मी कुणाच्या भरवशावर बसू?”

ती ओरडली असती तर बाफूरने सहन केले असते. हे शांत बोलणे त्याला लागले. दुसऱ्याच दिवशी तो मला आफ्रियेकडे घेऊन आला.

आफ्रिये ही वेल्डिंग करणारी बाई. वय चाळीसच्या आसपास, हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. तिने माझा रंग पाहिलाच नाही. चटई टाकली आणि ती सरळ माझ्याखाली शिरली.  मग बाहेर येऊन तिने माझ्या पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला आणि तेवढाच कोपरा वर उचलला.

“मास्टर, आता तो सरकता दरवाजा लावा बघू.”

बाफूरने ओढला. दरवाजा अर्ध्यावर अडला. त्याने खांदा लावून ढकलला, तरी तो हलेना.

“एक कोपरा उचलला तर सगळी गाडी उचलली जायला हवी,” आफ्रिये म्हणाली. “तुमची गाडी उचलली जात नाहीये, पिळली जातेय. खिडकी तिरकी ताणली गेलीय, दिसतंय का?”

“म्हणजे शॉकअप बदलायचे?”

“बूट बदलल्यानं पाठदुखी जाते का?”

तिने दुधाच्या डब्यांचा एक रिकामा खोका आणला, तोंड बंद करून बाफूरच्या हातात दिला आणि पिळायला सांगितले. खोका पिळला जाईना. मग तिने त्याला सुरीने सहा खिडक्या कापल्या. “आता पिळा.” खोका ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. बाफूर त्या खोक्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटते, त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा पाहिले.

“ज्यांनी खिडक्या कापल्या त्यांनी नुसतं काढलं, परत काही दिलं नाही,” ती म्हणाली. “ते आता आपण देऊ.”

“द्या, मॅडम. असेल नसेल तेवढं जाड लोखंड लावा. सगळीकडे लावा.”

“सगळीकडे नाही. जडपणा म्हणजे ताकद नव्हे. वजन वाढलं की ब्रेक रडतील. कुठं लावायचं, हीच तर विद्या आहे.”

आठ दिवस मी तिच्याकडे होते. तिने आधी प्रत्येक चिरेच्या टोकाला लहान गोल छिद्र पाडले, म्हणजे चीर पुढे धावणार नाही. खिडक्यांचे टोकदार कोपरे तिने गोल केले आणि आतून तिकोनी पट्ट्या जोडल्या. दोन खिडक्यांच्या मध्ये चौकोनी पाइपचे खांब उभे केले, ते छतावरून दुसऱ्या बाजूला नेले आणि खाली तळाला बांधले. अशा तीन कमानी माझ्या पोटात उभ्या राहिल्या. तळाच्या दोन लांब दांड्यांमध्ये तिने दोन आडव्या पट्ट्या टाकल्या. जिथे कारखान्याने पत्र्याला चार बोटांच्या अंतराने वेल्डिंगचे ठिपके दिले होते, तिथे तिने मधल्या जागेत आपले टाके घातले. जाड पाटे काढून जुने परत बसवले. दर संध्याकाळी ती एक दोरी घेई आणि माझ्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरून मापे जुळवून बघे. माप चुकले की दिवसभराचे काम उसवून पुन्हा करी.

नाकाला मात्र तिने हात लावला नाही. बाफूरने कारण विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “ते तसंच राहू द्या. त्याचं काम वेगळं आहे.”

नवव्या दिवशी तिने पुन्हा एक कोपरा उचलला. मी सगळीच्या सगळी उचलली गेले. सरकता दरवाजा एका बोटाने लागला.

मित्रांनो, त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षे. बाफूर स्टिअरिंग फिरवी आणि मी त्याच क्षणी वळे, नाकापासून शेपटीपर्यंत एकदम. एनोने आठवडाभर इतरांना विचारून खात्री केली, मग एके सकाळी न बोलता आपल्या जागेवर येऊन बसली. घाट उतरल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

“काय बघताय?” ती म्हणाली. “सकाळी खाल्लेलं मक्याचं केंके जिथल्या तिथं आहे. यापेक्षा जास्त कौतुक करायची मला सवय नाही.”

पण कौतुकाने माणूस बिघडतो, आणि गाडीही. मी नीट वळते म्हणून बाफूर वळणावर वेग कमी करीनासा झाला. मला बोलता आले असते तर मी म्हणाले असते, बाबा रे, माझा कणा ताठ झालाय, ब्रेक तेच आहेत. माझ्याऐवजी एनो रोज बोले. बाफूर रोज हसून मान डोलावी.

त्यातच उतारू भरतात त्या गाड्यांच्या स्टेशनवरच्या ड्रायव्हरांनी त्याला चिडवायला सुरुवात केली. त्यांच्या गाड्यांपुढे जाडजूड लोखंडी दांड्यांचे संरक्षक होते. “मास्टर, तुझ्या गाडीचं नाक उघडंच? हिला सर्दी होईल!” एका सुट्टीच्या दिवशी बाफूरने दुसऱ्याच वर्कशॉपात तसला एक दांडा बनवून घेतला. त्यांनी तो थेट माझ्या तळाच्या लांब दांड्यांना जोडला. मला फार भारदस्त वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या शुक्रवारी आफ्रिये आईला भेटायला मांपोंगला निघाली होती. कुमासीतल्या केजेतियाच्या त्या स्टेशनवर तिने मला ओळखले आणि हसत जवळ आली. मग तिची नजर माझ्या नाकावर गेली, आणि तिचे हसू गेले.

“हे कुणी लावलं?”

“छान आहे ना?” बाफूर म्हणाला. “भिंतीवर आपटली तरी ओरखडा नाही येणार.”

“नाही येणार. खरंय. मी नाही बसत या गाडीत.”

आत एक सोडून सगळ्या जागा भरल्या होत्या. लोक माना बाहेर काढून ऐकू लागले. बाफूर ओशाळला. “मॅडम, तुम्हीच तर हिला मजबूत केलंत. मग ही थोडी आणखी मजबूत झाली तर काय बिघडलं?”

आफ्रियेने पिशवी खाली ठेवली.

“माझा भाऊ होता, आंत्वी. गाडीच चालवायचा. त्यानं असाच दांडा मागितला, आणि मी लावून दिला. धाकटा होता ना, मागेल ते द्यायची मी. त्याची गाडी झाडावर गेली. मी बघायला गेले तेव्हा नाक होतं तसंच होतं. माझा एक टाका उसवला नव्हता. एकसुद्धा नाही, मास्टर. लोक मला सांगत होते, बघ, तुझं काम किती पक्कं!” तिने त्या नव्या दांड्यावर हात ठेवला. “धक्का कुठंतरी जाणारच ना? लोखंडानं घेतला नाही. मग तो आंत्वीनं घेतला.”

खिडक्यांतल्या माना आणखी बाहेर आल्या.

“माणसं बसतात तो डबा ताठ हवा,” ती हळू म्हणाली. “नाक मोडायलाच हवं. त्यानं मोडून धक्का खायचा असतो. म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. तेव्हाच कारण सांगायला हवं होतं. पण आंत्वीचं नाव घ्यायला जीभ वळत नाही माझी.”

बाफूर आपल्या नव्या दांड्याकडे बघत उभा राहिला. “बरं. उद्या काढतो.”

मागून एनोचा आवाज आला. “उद्या का? आम्हाला काय घाई आहे?”

“एनो, माझं लग्नघर आहे एजुरात!” एक बाई आतून ओरडली.

“मग लग्नाला पोचायचंय ना? चला सुआमेला!”

आणि खरोखर, मित्रांनो, चौदा उतारू घेऊन मी वर्कशॉपात गेले. आफ्रियेने प्रवासाचे चांगले कपडे तसेच ठेवून वर जुना कोट चढवला आणि दांडा कापून काढला. लोक सावलीत बसून केंके आणि तळलेले मासे खात होते, काम बघत सल्ले देत होते. लग्नाची बाई सगळ्यांत जास्त सल्ले देत होती. मग आफ्रिये कोट काढून आत बसली आणि आम्ही निघालो. त्या दिवसापासून बाफूर घाटात हळू चालवू लागला.

चार महिन्यांनी, उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस आले. हवेत बारीक धूळ होती आणि सूर्य दुधाळ दिसत होता. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही घाट चढत होतो. वरून खडी भरलेला ट्रक येत होता. त्याचा हॉर्न थांबत नव्हता. बाफूरला कळले की त्याचे ब्रेक गेले आहेत. वळणावर तो ट्रक घसरत आमच्या बाजूला आला. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात; डावीकडे ट्रक, उजवीकडे मुरमाचा कडा. बाफूरने स्टिअरिंग उजवीकडे ओढले. मी त्याच क्षणी वळले. माझा मागचा भाग मागे रेंगाळला असता तर ट्रकने त्याला कापून नेले असते. ट्रक माझ्या कडेने वीतभर अंतरावरून गेला, आणि मी कड्यावर आदळले.

माझे नाक गेले. पत्रा चुरगळला, लांब दांडे पुढच्या टोकाला दुमडले, रेडिएटर फुटला. घडीमागून घडी पडत ती मोड मागे येत होती. मग ती पहिल्या कमानीपाशी पोचली आणि थांबली. माझ्या पोटातला डबा थरथरला, पण उभा राहिला.

धूळ बसल्यावर पहिला आवाज एनोचा आला. “कोण-कोण बोलतंय? नावं सांगा!” एकेकाने नाव सांगितले. चौदा नावे झाली. तिने सरकत्या दरवाजाला हात घातला आणि तो उघडला. माणसे उतरली. कुणाचे कपाळ फुटले होते, कुणाचा हात मुरगळला होता. बाफूरचा उजवा पाय मात्र पेडलापाशी अडकला होता. तो बाहेर काढेपर्यंत एनोने त्याचे डोके मांडीवर धरून ठेवले आणि त्याला शुद्ध राहावी म्हणून सारखी रागावत राहिली. खाली खड्ड्यात ट्रक उलटला होता. त्याचा ड्रायव्हर रस्त्यावर बसून मोठ्याने रडत होता. जिवंत होता, एवढे पुरे होते.

मला ओढून आफ्रियेकडे आणले. तिने दोरी धरून माझी तिरकी मापे घेतली. फरक दोन बोटांचा होता. मग ती बॅटरी घेऊन आत वाकली. पहिल्या कमानीच्या पायाशी तिचा एक टाका अर्धा फाटला होता. ती त्याच्यावरून अंगठा फिरवत खूप वेळ तशीच बसली होती. तिला समाधान वाटले की भीती, ते मला कळले नाही.

दोन महिन्यांनी बाफूर कुबड्यांवर आला. त्याच्याबरोबर एक खरेदीदार होता. तो माझ्याभोवती फिरला, पत्रा ठोकून पाहिला. “नाक ओढून सरळ करतो,” तो खुशीत म्हणाला. “लांबी, रंग, नवे दिवे. पंधरा दिवसांत अशी होईल की अपघात झाला होता हे तुम्हालाच पटायचं नाही.”

बाफूरला दुसरी गाडी नव्हती, घरात दुसरी कमाई नव्हती. मला त्याचा राग आला नसता.

त्याने आफ्रियेला विचारले, “सरळ होईल का ही?”

“दिसायला होईल,” ती म्हणाली. “एकदा मोडलेलं लोखंड ओढून सरळ केलं, तरी दुसऱ्यांदा ते कसं मोडेल ते कुणी सांगू शकत नाही.”

“अहो, घेणाऱ्याला कोण सांगतंय?” खरेदीदार हसला.

बाफूर माझ्या सरकत्या दरवाजाला टेकून उभा राहिला. “माझ्या वेळी मलाही कुणी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “सहा खिडक्या कापल्या, रंग मारला आणि किल्ली हातात दिली. नाही, साहेब. ही विकायची नाही.”

“मग काय पूजा करणार हिची?”

बाफूरने त्याला बाहेरची वाट दाखवली. खरेदीदार गेल्यावर तो आफ्रियेला म्हणाला, “हिचे तळाचे दांडे कापून टाका, मॅडम. मधोमध. म्हणजे उद्या माझं मन बदललं, तरी ही रस्त्यावर जाणार नाही.”

“सुटे भाग तरी काढून घ्या. इंजिन चांगलं आहे.”

“ते घ्या. पण दांडे आज कापा. मी आहे तोवर.”

जिने माझा कणा टाका-टाका करून ताठ केला, तिनेच त्या दुपारी तो कापला. ठिणग्या उडत होत्या. बाफूर कुबड्या बाजूला ठेवून जमिनीवर बसला होता, आणि शेवटपर्यंत त्याने मान वळवली नाही. मित्रांनो, खिडक्या कापल्या तेव्हा मला काहीच कळले नव्हते. या वेळी सगळे कळत होते, आणि मला वाईट वाटले नाही. माझ्या आत बसलेल्या माणसांसाठी जे करता येण्यासारखे होते, त्यातले हे शेवटचे काम होते.

तुम्ही गाडीत बसाल तेव्हा तिचा रंग बघाच. रंग बघायला मलाही आवडतो. पण एकदा खाली वाकूनही बघा. दरवाजा का अडतो, काच का तडकली, ती वळणावर का रेंगाळते, हे विचारा. आणि तुमच्या हाती कधी मोडून सरळ केलेली वस्तू असेल, तर घेणाऱ्याला ते सांगा. त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असते.